दोन दावी

दुबईच्या चार दिवसांच्या सहलीत माझ्या खोलीत साक्रीकडचे एक आबा होते. मुलांनी म्हणे हौसेनं पाठवलेले. त्या उंच इमारतींकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. संध्याकाळ झाली की मला घरी फोन लावायला सांगत आणि मुलाला विचारत, "बैलेसले पानी पाजं का?"

"हा, आबा."

एकदा बैल बघायला व्हिडिओ कॉल लावून घेतला आणि म्हणाले, "दखाड बरं." तर मुलगा म्हणाला, गोठ्यात अंधार शे. तेवढ्यावर आबा निवांत झोपले. आणि मी मूर्ख, रोज कौतुकानं फोन लावून देत होतो.

महिन्याभरानं ते धुळ्याच्या स्टँडवर दिसले. मी बैलांची चौकशी केली.

"मी इमानमा बठनू, त्याच रोजले इकी टाकात."

आबा घरी असते तर मुलांना बैल विकू दिले नसते, म्हणून ती विमानाची सहल. आता बैल शोधत बाजारोबाजार फिरत होते. पिशवीतून त्यांनी दोन दावी काढली. आमच्याकडे बैल विकला तरी दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत, घरी ठेवतात.

दाव्यांवरून हात फिरवत आबा म्हणाले, "रीत मातर पाळी हं पोरेसनी."