चंद्रीला पटेल असं स्टूल

"मॅडम, एवढंच लिहून द्या. अव्वानं आता म्हशीची धार काढायची न्हाय. खाली सही करा, शिक्का मारा, इषय संपला."

बसवराज माझ्या टेबलासमोर उभ्यानंच बोलत होते. त्यांची आई, गौराक्का, शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र न्याहाळत होत्या. ज्या बाईबद्दल हे चाललंय ती आपण नव्हेच, असा चेहरा. वय सत्तरीच्या आसपास, अंगानं काटक. मुरगूडहून एसटीनं आल्या होत्या आणि स्टँडपासून राजारामपुरीतल्या माझ्या क्लिनिकपर्यंत चालत. मुलगाच मागून घाम पुसत आला.

मी फिजिओथेरपिस्ट. गावाकडचे पेशंट मला व्यायामाची डॉक्टरीण म्हणतात, आणि ते काही चुकीचं नाही. चिठ्ठ्या मागणारे माझ्याकडं पुष्कळ येतात. कुणाला जिना चढायचा नसतो, कुणाला शाळेच्या पीटीतून सुटका हवी असते. पण पेशंटचं काम बंद करा अशी चिठ्ठी पेशंटच्या देखत मागणारा मला पहिल्यांदाच भेटला.

"आधी बसा," मी म्हटलं. "झालंय काय ते सांगा."

"रात्रीचं वांब येत्यात हिला. पोटरी दगडागत हुती. वरडती तवा सगळं घर जागं. मागं एकदा पाय झाडत उठाय गेली आणि कपाटावर आदळली. डोकं थोडक्यात वाचलं. मी एमआयडीसीत शिफ्टला असतो मॅडम. घरात ही आणि बायकू, दोघीच. पडून हाड मोडलं तर काय करायचं मी?"

आवाज चढला होता, पण तो राग नव्हता. माणूस घाबरला होता.

गौराक्का तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "आणि म्हशी इकल्या की वांब थांबतंय व्हय?"

"जरा दम तरी खाशील."

"दम खाऊन काय करू? भित्ताकडं बघत बसू?"

मग मला सगळा प्रकार कळला. घरी दोन म्हशी. लग्न होऊन आल्यापासून दोन्ही वेळची धार गौराक्काच काढत आल्या होत्या. सून शिवणकाम करते, तिला गोठ्याची सवय नाही. बसवराजांनी एका व्यापाऱ्याला शब्द टाकून ठेवला होता. माझी चिठ्ठी मिळाली की आईचं तोंड बंद आणि म्हशी दाराबाहेर, असा साधा हिशेब.

"ह्याचा बा गेला तवा घरात माणसं मावत नव्हती," गौराक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या. "मी गोठ्यात जाऊन रडून घेतलं. चंद्रीची आई हुती तवा दावणीला. आता चंद्री हाय. ती बी गेली तर मी त्या घरात कुठं बसायचं, ते सांगा."

मला चिठ्ठी लिहिणं जड जायला तेवढं पुरेसं होतं.

वांब म्हणजे काय, ते आधी सांगते. पोटरीचा स्नायू आपणहून आवळतो आणि सोडायचं विसरतो. वय झालं की हे वाढतं, त्यातही दिवसभर पायावर असणाऱ्यांना जास्त. नेमकं कशानं, ते दर वेळी सांगता येत नाही. जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून जरा जपून राहावं. पायाचा रक्तपुरवठा, साखर, रक्तातले क्षार, चालू असलेल्या गोळ्या, हे आधी डॉक्टरांनी बघायला लागतं. गौराक्कांच्या डॉक्टरांनी ते बघितलं होतं आणि रिपोर्ट चांगले होते. म्हणून तर त्यांनी माझ्याकडं पाठवलं.

घरगुती उपायही सगळे झाले होते. शेजारणीनं केळी खायला सांगितली होती. "केळी खाऊन खाऊन तोंडाची चव गेली," गौराक्का म्हणाल्या, "पर पोटरीला काय त्याचं सोयरसुतक न्हाय."

मी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. वांब आला की धडपडून उठायचं नाही. बसल्या जागी गुडघा सरळ ठेवायचा आणि चवडा, म्हणजे पावलाचा पुढचा भाग, हातानं आपल्याकडं ओढायचा. आणि रोज संध्याकाळी भिंतीला हात लावून, एक पाय मागं घेऊन, टाच जमिनीला दाबून पोटरी ताणायची. याला आम्ही स्ट्रेचिंग म्हणतो. वाटतं किरकोळ, पण नेमानं केलं तर बऱ्याच जणांना उतार पडतो.

"बसवराज, मला दिवाळीच्या पाडव्यापर्यंत वेळ द्या," मी म्हटलं. "तोवर व्यापाऱ्याला थांबवा."

"आणि न्हाय गुण आला तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं लिहून देईन."

हे बोलून गेले आणि गौराक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की जीभ चावावीशी वाटली.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या. फरक होता, पण अर्धाच. "आता वांब आला की चवडा वडते, लगीच सुटतंय. पर येतंय मातर रोजच."

मला वाटलं, बाई स्ट्रेचिंग टाळत असणार. पेशंट डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतात, त्याचा मला दांडगा अनुभव आहे. म्हटलं, करून दाखवा. त्यांनी भिंतीला हात लावून अगदी चित्रातल्यासारखं करून दाखवलं. म्हणजे चोर दुसरीकडं होता. पाय दिवसभर काय करतात, तेच मला बघायला हवं होतं.

"आक्का, धार कशी काढता? बसून दाखवा."

"हितं?"

"हितंच."

त्यांनी इकडं तिकडं बघितलं, माझा केराचा डबा रिकामा करून घेतला, चवड्यांवर उकिडव्या बसल्या, डबा दोन्ही गुडघ्यांत धरला आणि हवेतल्या हवेत धार काढायला लागल्या. बाहेरच्या बाकावरचे पेशंट मान वाकडी करून बघत होते. मी मात्र त्यांच्या टाचा बघत होते. दोन्ही टाचा अधांतरी. सगळा भार चवड्यांवर, पोटरी आखडलेली, वर बादलीही गुडघ्यांनीच पेललेली. एक म्हैस झाली की दुसरी. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. नंतर जेवण, आणि मग पायाकडून घट्ट खोचलेली वाकळ पांघरून झोप. त्या जड वाकळेखालीही पाऊल खालीच दाबलेलं. बिचाऱ्या पोटरीला लांब व्हायची सवड म्हणून नव्हती.

मला फार आनंद झाला. कपाटातून पाय ठेवायला वापरतो ते निळं प्लॅस्टिकचं स्टूल काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "यावर बसून धार काढायची. टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. आणि वाकळ पायाशी खोचायची नाही." त्या दिवशी मी स्वतःवर भलतीच खूश होते.

खुशी टिकली नाही. तिसऱ्याच दिवशी बसवराजांचा फोन.

"मॅडम, तुमच्या स्टुलानं वाट लावली की."

"का? आक्का पडल्या?"

"अव्वाला काय झालं न्हाय. चंद्री जवळ हुबं करीना. पान्हा चोरतीया. अर्धं दूध तसंच ऱ्हातंय, उद्या सड सुजलं तर? दुसरी म्हस गरीब हाय, तिचं काय न्हाय. पर ही लाथ झाडती. अव्वा परत चवड्यावर बसाय लागली, वांब परत सुरू. आता मी व्यापाऱ्याला बोलवून घेतो. म्हशीला बी नगं झालंय ते."

पान्हा चोरणं म्हणजे सडात दूध असून म्हैस ते सोडत नाही. ते तिच्या मर्जीवर असतं. माझ्या शिक्षणात गुडघ्यापासून मानेपर्यंत सगळं होतं, म्हशीची मर्जी नव्हती.

त्या रविवारी आम्ही जोतिबाला जाणार होतो. नवऱ्याला म्हटलं, देव समजून घेईल, म्हैस घेणार नाही. आणि मुरगूडची गाडी पकडली.

संध्याकाळची धार व्हायची होती. गोठा झाडून लख्ख होता. बसवराज दाराला टेकून हाताची घडी घालून उभे राहिले, बघू या तुमचं, अशा थाटात. गौराक्का निळं स्टूल घेऊन चंद्रीजवळ गेल्या. स्टूल फरशीवर करकरलं. चंद्रीनं कान टवकारले, मागचा पाय उचलला आणि बाजूला सरकली. गौराक्कांनी तिला चुचकारलं, पाठ थोपटली. काही उपयोग नाही.

"आता स्टूल बाजूला ठेवा," मी म्हटलं. "नेहमीसारख्या बसा."

त्या चवड्यांवर बसल्या. बसता बसता त्यांचं कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकलं, आणि ते जनावर असं निवांत झालं की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुन्हा स्टुलावर बसवलं. आता त्या उंच झाल्या होत्या. कपाळ कुशीच्या वर, बरगडीला लागत होतं.

"आक्का, डोकं रोज तिथंच टेकता?"

गौराक्का थबकल्या. "टेकतेच की. ते काय मुद्दाम करतंय व्हय कोण?" मग त्यांनी हातानं चंद्रीची कूस चाचपली. "व्हय बाई. माझं कपाळ जाग्याव लागत न्हाय तिला. तिला वाटत आसंल, ही कोण नवीनच बसलीया."

म्हणजे आम्हाला असं आसन हवं होतं, की कपाळ जुन्या जागी लागेल आणि टाचाही खाली टेकतील. बुटकं, रुंद, आणि आवाज न करणारं. बाजारात असलं काही मिळत नाही. मी हातानं उंची दाखवत होते, तोवर बसवराजांनी हाताची घडी सोडली.

"मागं बाभळीचा ओंडका पडलाय," ते म्हणाले. "कापू का?"

करवत आली. पहिला तुकडा उंच झाला. गौराक्का बसल्या, मी खाली वाकून टाचा बघितल्या, बसवराजांनी कपाळ बघितलं. "अजून चार बोटं कमी करा," मी म्हटलं. त्यांनी परत कापला. ज्या माणसाला म्हशी विकायच्या होत्या, तो शर्टाच्या बाह्या वर करून भुशात बसला होता. सुनेनं पेंडीचं जुनं पोतं आणून ओंडक्यावर घट्ट बांधलं. चंद्रीनं ते हुंगलं, ओळखीचाच वास होता.

गौराक्का बसल्या. टाचा जमिनीवर, बादली पुढ्यात, कपाळ कुशीत. चंद्रीनं एकदा पाय हलवला. आम्ही तिघंही बादलीकडं बघत उभे. गौराक्का हळू आवाजात तिच्याशी कानडीत काहीतरी बोलत राहिल्या. आणि मग बादलीत धारेचा आवाज सुरू झाला.

"आलं की दूध," बसवराज म्हणाले. एवढंच म्हणाले, पण तोंड फिरवून डोळे पुसले ते मी बघितलं. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू?

वांब दुसऱ्या दिवशी थांबले असं झालं नाही. आमच्या कामात तसं होत नसतं. ओंडका, स्ट्रेचिंग आणि सैल वाकळ, तिन्ही चालू राहिलं. आधी एखादी रात्र वांबाशिवाय गेली, मग बऱ्याच जायला लागल्या. अजूनही कधीमधी येतो म्हणे, पण गौराक्का चवडा ओढतात आणि परत झोपतात. कुणाला हाक मारावी लागत नाही.

पाडव्याला आमच्या भागात म्हशी धुऊन, सजवून मिरवतात. त्या दिवशी बसवराजांचा फोन आला. मागं हलगीचा गलका.

"मॅडम, व्यापारी आलता सकाळी."

"मग?"

"चहा पाजला आणि लावून दिला. चंद्रीची शिंगं रंगवायची हुती, त्याच्यासंगं बोलायला टाइम कुणाला हाय?"

"आणि आक्का?"

"ती म्होरं हाय, चंद्रीला घेऊन. आमी मागं पळतोय."

ती चिठ्ठी मी लिहिली नाही. पण तेव्हापासून एक सवय लागली आहे. पेशंटला काही नवीन करायला सांगितलं की मी विचारते, हे घरी आणखी कुणाला पटायला लागेल? उत्तर बहुतेक वेळा सासू, सून नाहीतर नवरा असं येतं. म्हैस एकदाच आली, आणि त्या सगळ्यांत पटवून द्यायला तीच सोपी निघाली.