गुरुवारची वीज

हडपसरच्या आमच्या सोसायटीत चेअरमननी एकदा ह्यांची वायर कापली. चारचौघांसमोर, पक्कड घेऊन.

ह्यांनी कारखान्यातून व्हीआरएस घेतली होती आणि जीपमागे जोडून फिरायला न्यायचं एक चाकांवरचं घर पार्किंगमध्ये स्वतःच्या हातानं बांधलं होतं. झोपायला दोन फळ्या, छोटा ओटा, भिंतीत चार प्लग पॉइंट. वीज आमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून घेतली होती.

"सामायिक जागेतून खासगी वायर चालणार नाही," चेअरमन म्हणाले. मग हसून, "नोकरी गेली की माणसाला खेळणी लागतातच."

 हे तुटलेली वायर गुंडाळत राहिले. ते गुंडाळणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

इन्व्हर्टरचा हट्ट माझाच. ह्यांनी फळीखाली जीपवर चार्ज होणारी ट्रकची बॅटरी बसवली, हवेला जाळी ठेवली आणि इन्व्हर्टरवरून चारही पॉइंटना वायर ओढली. "इस्त्री लावायची नाही हं यावर. दिवा, पंखा, एवढंच."

तेव्हा दर गुरुवारी वीज जायची. अशाच एका गुरुवारी सकाळी चेअरमनच्या बायको लॅपटॉप छातीशी धरून आल्या. अमेरिकेतला मुलगा पहिल्यांदाच नातू दाखवणार होता. डेटा कार्ड होतं, पण बॅटरी संपलेली.

"या ना वहिनी," म्हणत मी त्यांना आमच्या चाकांवरच्या घरात बसवलं, लॅपटॉप लावून दिला. मागोमाग चेअरमन, ठेवणीतला शर्ट घालून. मी दारात आडवी उभी राहिले.

"आपण कुठे?"

"अहो, नातू..."

"हे खेळणं आहे. आपल्याला शोभणार नाही."

"येऊ दे गं त्यांना," हे मागून म्हणाले.

"नाही."

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, मग वहिनींचं हसणं. चेअरमन उन्हात टाचा उंचावत होते. मी पडदा ओढला.

वहिनी बाहेर आल्या त्या डोळे पुसत. "कुणासारखा आहे गं?" चेअरमननी विचारलं.

"माझ्या वडिलांसारखा," वहिनी म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला मात्र त्या दुपारी कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.