पेटीजवळचं टेबल

अमेरिकेत त्या दिवशी जेवायला आम्ही चौघं होतो. मी, माझा मुलगा संजय, सून रेखा आणि संजयचा ऑफिसातला मित्र विनय. परवा नातीनं वाढदिवसाची मेणबत्ती फुंकली, आणि त्या वासानं मला ते जेवण आठवलं.

जुन्या चर्चमध्ये कुणीतरी दारूचं हॉटेल काढलेलं, गंमत म्हणून भुताखेतांसारखं सजवलेलं. भरदुपारी आत काळोख, नुसत्या मेणबत्त्या, आणि आमच्या टेबलाला लागून मयताची पेटी. मधेच झाकण करकरायचं आणि हाडांचा हात वर यायचा.

रेखाला पाचवा चालू होता. आधीचं मूल पोटातच गेलेलं. तिनं ताटाला हात लावला नाही. "पोटुशीनं मयताजवळ बसू नये म्हणतात," ती हळूच म्हणाली.

"वहिनी, प्लास्टिकचं आहे यार," विनय हसला.

"आई, तूच सांग हिला," संजय म्हणाला.

टेबलाखाली तिनं माझा हात धरला. गारठलेला हात. मग मी कधी नव्हे ते बोलले. "हा पोटात होता तेव्हा ह्याचा बाप गेला. मयताला हात लावायला कुणी पुढं येईना. शेवटची अंघोळ मीच घातली, अन् दुसऱ्या दिवशी खडी फोडायला गेले. बघ, केवढा घोडा झालाय."

संजयनं ग्लास खाली ठेवला. रेखानं पावाचा तुकडा मोडला.

तेव्हा वाटलं, माझ्या बोलण्यानं तिला धीर आला; आता वाटतं, तो धरलेल्या हातानं आला. खरं तर संजय जन्मेपर्यंत मीही घाबरलेलीच होते, पण माझा हात धरायला कुणी नव्हतं.

परवा मेणबत्ती फुंकली ती रेखाच्या तेव्हाच्या पोटातलीच पोर. वाचणाऱ्यांनो, पोटुशी बाई घाबरली तर तिला हसू नका. जवळ बसा.