कौल पेंडिंग

“बिशप हाउसची परवानगी मी आणतो,” फादर म्हणाले, “पण आधी देवीचा कौल घ्या. तो मिळाला तरच मी पत्र लिहीन.”

मी चहाचा कप खाली ठेवला. चर्चच्या ऑफिसात बसून ग्रामदेवतेचं नाव ऐकायची ही माझी पहिलीच वेळ. या धंद्यात मी सोसायट्यांच्या खडूस सेक्रेटरींचे होकार मिळवलेत, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या भावांचे एकाच कागदावर मिळवलेत. देवीचा कधी मागितला नव्हता.

माझं काम आधी सांगते. मोबाइल कंपनीला अँटेना लावायला जागा लागते. ती शोधायची, मालकाला पटवायचं, परवानग्या आणायच्या. याला साइट ॲक्विझिशन म्हणतात. माझं ऑफिस मिरजोळ्याला, साहेब पुण्याला, आणि मी बहुतेक वेळ स्कूटरवर.

गाव खाडीकाठचं. नाव सांगत नाही, कारण आता तिथे रेंज आहे आणि हे वाचून मला फोन येतील. तिन्ही बाजूंनी सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान, आणि मध्ये खोलात गाव. शेजारच्या टॉवरचा सिग्नल सड्यावरून सरळ पुढे निघून जायचा. खाली घरांत मोबाइल फक्त घड्याळ बघायला.

हे सगळ्यात जास्त कोणाला भोवत होतं, तर मंगलताईंना. त्या उपकेंद्रातल्या नर्स, मूळच्या सावर्ड्याच्या. बाई अडली की ॲम्ब्युलन्सला फोन करायला त्यांना अडलेल्या बाईला तशीच सोडून सडा चढावा लागायचा. एकदा त्या वर असतानाच खाली बाळंतपण झालं. आई वाचली, बाळ नाही. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, स्टोव्हवर कात्री-चिमटे उकळत, अगदी सपाट आवाजात सांगितलं. “मी तिथं असते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या, “पण मी तिथं असायला हवी होते.” त्या दिवसापासून ही साइट माझ्यासाठी नुसती साइट राहिली नाही.

अडचण अशी की जागा कुठेही चालत नाही. इंजिनियर नकाशावर एक गोल काढून देतात, त्याला सर्च रिंग म्हणतात. त्या गोलातच जागा हवी, बाहेर गेलात तर गावाला रेंज मिळत नाही. आमच्या गोलात तीन गोष्टी होत्या: खाडी, हापूसची कलमं आणि टेकाडावरचं चर्च. खाडीत काही करता येत नाही. कलमवाले म्हणाले, टॉवरनं मोहोर गळतो. त्यांच्याशी वाद घालून मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावात एक साइट घालवली होती, त्यामुळे या वेळी पन्हं प्यायलं आणि उठले. उरलं चर्च.

फादर वसईचे. पुढे कललेले, मिश्कील. त्यांची अट एकच, चर्चचं रूप बिघडता कामा नये. मी म्हटलं, आपण कन्सील्ड साइट करू. म्हणजे अँटेना लपवायचा. घंटेच्या मनोऱ्यामागे फायबरची पेटी बसवायची आणि ती चिऱ्यासारखी रंगवायची. लोखंडातून सिग्नल जात नाही, फायबरमधून जातो. बघणाऱ्याला वाटणार, मनोऱ्याचाच भाग आहे. केबल न्यायला छपराच्या मागच्या उतारावरची मंगलोरी कौलं काढून पुन्हा बसवावी लागतील, त्यांतली काही फुटतील, तीही कंपनी बदलून देईल. फादरना हे पसंत पडलं. आणि मग त्यांनी देवीचं काढलं.

त्यामागचं कारणही त्यांनी सांगितलं. शिमग्यात देवीची पालखी चर्चच्या पायरीवर थांबते आणि फादर तिला नारळ देतात. गावात ख्रिश्चनांची घरं मोजकी, पण चर्चचं कुठलंही मोठं काम गावाला विचारल्याशिवाय होत नाही, आणि गाव देवीला विचारल्याशिवाय बोलत नाही. “मी इथं बदलून आलोय, बदलून जाणार,” फादर म्हणाले. “या लोकांना इथंच राहायचंय.”

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. कौल म्हणजे देवाची संमती. देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि एक नियम सगळ्यात कडक: एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारायचा नाही.

देवळात गुरवांनी कळ्या लावल्या. गावचे मानकरी तात्या पुढे झाले. तात्या मुंबईत बँकेत शिपाई होते, निवृत्त होऊन गावी आले आणि गावाचे साहेब झाले. त्यांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. “बाय, ह्या कंपनीची मानसं आपल्या चर्चवर टॉवर उबा करायचा म्हन्तायत. तुजी मर्जी असली तर उजवा दे.”

फादर खांबाला टेकून उभे होते. मंगलताई युनिफॉर्ममध्येच आल्या होत्या. कळी पडायला इतका वेळ लागला की माझे पाय भरून आले. मग डावी पडली.

“डावा दिलान,” तात्या म्हणाले आणि हात जोडून बाजूला झाले. कोणी कुरकुरलं नाही. माणसं चपला घालून घरी निघाली. मला मात्र रडू कोसळेल असं झालं, आणि राग आला तो वेगळाच. कुणावर काढणार? देवीवर?

मंगलताईंना कोणाचा तरी रिपोर्ट कळवायचा होता, त्या सड्याकडे निघाल्या. मीही त्यांच्यासोबत चढले, कारण साहेबांना कळवणं भाग होतं. महिनाअखेरीस ज्या साइटचा होकार नसेल ती प्लॅनमधून ड्रॉप होणार होती, आणि एकदा ड्रॉप झालेल्या साइटकडे पुन्हा कोणी वळून बघत नाही.

वर एक कांडी रेंज. साहेबांना फोन लावला तर “हॅलो, हॅलो” सोडून काही जाईना. शेवटी मेसेज करायचं ठरवलं. ‘नकार आला’ असं लिहिलं असतं तर त्यांनी साइट त्याच मिनिटाला ड्रॉप केली असती. म्हणून मी लिहिलं: ‘कौल पेंडिंग. साइट अडली.’ लांब मेसेज जातच नव्हता. हा गेला.

त्यानंतर दोन दिवसांनी मी पालीला दुसऱ्या कामावर होते. तिथल्या हॉटेलात एक ट्रक ड्रायव्हर खाडीकाठच्या चर्चचा रस्ता विचारत होता. मी विचारलं, काय घेऊन चाललात? तो म्हणाला, कौलं. अर्जंट आहेत म्हणे, पुण्याच्या साहेबांनी पाठवलीत.

मला आधी कळेना. मग कळलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. ‘मागची कौलं काढावी लागतील, काही फुटतील’ हे मीच साहेबांना कळवलं होतं. तो कौल आणि ते कौल. क्रियापद लिहिलं असतं तर ‘मिळाला नाही’ की ‘मिळालं नाही’ यावरूनच कळलं असतं. पेंडिंगला कसलं लिंग आणि कसलं वचन.

मी स्कूटर ट्रकच्या पुढे काढली, पण गावच्या उतारावर ट्रकनंच मला गाठलं. पोचलो तोवर निम्मी वाडी चर्चसमोर जमली होती. तात्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली, एक कौल उचलून वाजवून बघितलं आणि माझ्याकडे वळले.

“आमी देवीकडं कौल मागत हुतो, तुमच्या सायबानं ट्रकभर पाठवलान.”

हशा पिकला. फादरना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसले, दुसरं काय करणार. हसता हसता लोकांनी रांग लावली आणि कौलं हातोहात खाली उतरवायला सुरुवात केली. मी तेवढ्यात सड्यावर जाऊन साहेबांना फोन लावला. या वेळी लागला.

“सर, कौलं कशाला पाठवलीत?”

“तूच लिहिलंस पेंडिंग आहेत म्हणून.”

“सर, तो देवीचा कौल. देवळातला.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, “देऊळ कुठून आलं? साइट चर्चवर आहे ना?”

“हो सर.”

“मग देवळाचा काय संबंध?”

मी म्हटलं, सर, रेंज जातेय. ती खरोखरच जात होती, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

खाली आले तर तात्या पायरीवर रचलेल्या कौलांपाशी बसले होते. हसणं ओसरलं होतं. त्यांना एक गोष्ट उमगत नव्हती.

“मला सांगा, टॉवरला कौलं कशाला लागतात?”

“टॉवरला लागत नाहीत, तात्या. छपराला लागतात. काम झालं की छप्पर जसंच्या तसं बसवायचं.”

“आनी टॉवर कुठं?”

“टॉवर नाहीच.”

तात्यांनी मान वर केली. मी त्यांना हाताला धरून चर्चच्या मागे नेलं. मनोऱ्यामागची जागा दाखवली, पेटी केवढी असेल ते हात पसरून दाखवलं. होडीतून येणाऱ्या माणसाला आज जे दिसतं तेच उद्याही दिसेल. लोखंडाचा सांगाडा नाही, लाल दिवा नाही, काही नाही. हे सगळं मी फादरना सांगितलं होतं, पंचायतीत सांगितलं होतं. पण पंचायतीत माझ्या तोंडून बाहेर पडलेला पहिलाच शब्द टॉवर होता, आणि गावानं तोच तेवढा ऐकला होता. गाऱ्हाण्यातही तो मला खटकला नव्हता, कारण धंद्यात आम्ही सगळ्यालाच टॉवर म्हणतो. सड्यापलीकडच्या गावात तसला धिप्पाड टॉवर देवळाच्या डोक्यावर उभा होता, तो सगळ्यांनी पाहिला होता.

तात्यांनी मनोऱ्याच्या चिऱ्यावरून हात फिरवला.

“टॉवर नाय,” ते म्हणाले, “मग आमी देवीला विचारलां काय?”

“टॉवर उभा करू का, असं विचारलंत. तिनं नको म्हटलं. मलाही तो नकोच आहे.”

तात्यांचा चेहरा उजळताना मी स्वतः पाहिला. ते ताडकन वळले आणि गुरवांच्या घराकडे चालू लागले. मी मागे धावले. “दुसरा प्रश्न झाला हा,” ते वाटेत मला सांगत होते, जसं काही मीच विरोधात होते. “पयल्याचा न् ह्याचा संबंध नाय.” गुरवांनी दोन-तीन गोष्टी खोदून विचारल्या आणि मान डोलावली.

मला मात्र या वेळी जराही ढिलाई नको होती. रत्नागिरीहून सुतार आणि रंगारी आणले. प्लायवूडची तशीच पेटी करून घेतली, चिऱ्यांचे सांधेसुद्धा रंगवून घेतले आणि मनोऱ्यामागे चढवली. मग गावाला जेट्टीवर बोलावलं आणि म्हटलं, दाखवा कुठं आहे. एकानं घंटा दाखवली. दुसऱ्यानं फादरांची पाण्याची टाकी दाखवली आणि तो पैज लावायला निघाला. तात्या ऐटीत म्हणाले, कळालां मला, आणि त्यांनी मनोऱ्याचा खराखुरा कोपरा दाखवला. त्या दिवशी जेट्टीवर मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. लपवायची गोष्ट वर व्यवस्थित लपली होती.

मग प्रश्नाची भाषा ठरवायला बैठक बसली. आमच्या लीगलवाल्यांनी ॲग्रीमेंटच्या एका कलमावर कधी इतका खल केला नसेल. ‘यंत्र’ म्हणायचं की ‘मशीन’, ‘चर्चवर’ म्हणायचं की ‘चर्चमध्ये’. एक म्हातारी बाई म्हणाल्या, कशासाठी ते आधी सांगा, तिला कारण कळूदे. मग सगळे मंगलताईंकडे बघायला लागले.

देवळात या वेळी पाय ठेवायला जागा नव्हती. तात्यांनी सावकाश, एकेक शब्द तोलून गाऱ्हाणं घातलं. “बाय, उपकेंद्रातनं गाडीला फोन लागावा, अडलेल्या बाईला एकटी सोडाय लागू नये, म्हनून चर्चच्या मनोऱ्यामागं फोनचं यंत्र ठेवायचं हाय. टॉवर उबा ऱ्हानार नाय. तुजी मर्जी असली तर उजवा दे.”

मी डोळे मिटले नाहीत. मला बघायचं होतं. उजवी कळी हलली, घसरली आणि टपकन खाली आली. डावी जागची हलली नाही.

तात्यांनी ‘उजवा’ म्हणायच्या आधीच फादर वळून चालायला लागले होते. पत्र लिहायला.

परवानगी आली, पंचायतीचा दाखला आला, महिनाअखेर टळायच्या आत साइट प्लॅनमध्ये पक्की झाली. कौलं आयती जागेवर होती, त्यामुळे छपराचं काम एकदाही थांबलं नाही. साहेब ते आजही स्वतःच्या दूरदृष्टीत धरतात आणि मी त्यांना धरू देते. उरलेल्या कौलांनी उपकेंद्राची गळकी पडवी शाकारली.

साइट ऑन एअर गेली, म्हणजे सिग्नल सोडला, त्यानंतर काही आठवड्यांनी भर दुपारी मला मंगलताईंचा फोन आला. मागून एका बाईचं कण्हणं ऐकू येत होतं. “मॅडम, गाडी निघाली,” त्या म्हणाल्या. “मी हिच्या उशाशीच बसून फोन केला. एवढंच सांगायचं होतं. ठेवते.” आणि त्यांनी ठेवलासुद्धा, कारण त्यांना काम होतं. मी पालीच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून थोडी रडले. संध्याकाळी पुन्हा मेसेज आला: मुलगी, दोघी ठीक.

आता कुठूनही नकार आला की मी समोरच्या माणसाशी वाद घालत नाही. त्याला नेमकं काय विचारलं होतं ते आधी तपासते, आणि बहुतेक वेळा प्रश्नच बदलावा लागतो.