विनाशिकेचा वाढदिवस

जळगावात, मेहरूणला आमच्या कॉलनीत मला फौजी म्हणतात. मी नौदलात होतो हे मी सुरुवातीला सांगत असे. आता सांगत नाही. सव्वीस जानेवारीला जवळच्या शाळेत झेंड्याशेजारच्या खुर्चीवर बसवतात आणि सीमेवर लढलेले काका म्हणून ओळख करून देतात. माझी सीमा म्हणजे खाऱ्या पाण्याचा रंग जिथे बदलतो ती. पण टाळ्या वाजून गेलेल्या असतात. दुरुस्ती कुणाला हवी असते?

एका विनाशिकेच्या, म्हणजे लढाऊ जहाजाच्या, इंजिनरूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. विनाशिका हा शब्द वर्तमानपत्रात छान दिसतो. माझ्या काळात तिने उडवली ती सरावाची तरंगती लक्ष्यं, आणि आमचे कान. बाकी वेळ ती भरकटलेल्या कोळ्यांना शोधत असे, नाहीतर वादळाने झोडपलेल्या बेटावर पिण्याचं पाणी नेत असे. असल्या कामांना कुणी पोवाडा रचत नाही.

कान गेले ते गॅस टर्बाइनमुळे. जुन्या जहाजांत वाफ तयार व्हायला अर्धा दिवस जाई, हिची टर्बाइनं काही मिनिटांत तयार. या घाईची किंमत म्हणजे ती कर्कश शिट्टी. तिच्यासमोर कानांवरची झाकणं नावालाच असत.

मी सावद्याचा. माझ्यासोबत त्याच इंजिनरूममध्ये धुळ्याचा एक जण होता, माझ्याहून एक तुकडी मागचा. दोघंही निवृत्त होऊन खान्देशात परतलो. माझी बायको गेल्यावर ज्याच्याशी खरं बोलता यावं असा तो एकच उरला. अडचण एवढीच की दोघांचेही कान सारखेच कामातून गेलेले. फोनवर आम्हाला एकमेकांचं काही कळत नाही. समोरासमोर बसून, ओठ बघत, मोठ्याने बोलावं लागतं. म्हणून वर्षातून एकदा, विनाशिकेच्या वाढदिवसाला, आम्ही एरंडोलला हायवेवरच्या एका हॉटेलात भेटायचो. मी जळगावहून, तो धुळ्याहून.

जहाज सेवेत दाखल झालं तो दिवस म्हणजे त्याचा वाढदिवस. त्या दिवशी कप्तान आणि जहाजावरचा सर्वांत लहान खलाशी मिळून केक कापतात. एरंडोलला केक नसे, म्हणून मी केळी नेई. वयाने लहान म्हणून केळं कापायचा मान दरवर्षी त्याचा. गुडघे धरून खुर्चीत बसणारा तो लहान खलाशी म्हणायचा, "भाऊ, मन्हं प्रमोशन कव्हय व्हई?" मी म्हणायचो, "कुणी नवा भरती झाला की."

मग दुपारपर्यंत जहाज. ते परदेशात बांधलेलं, थंड समुद्रासाठी आखलेलं. आरेखन करणाऱ्यांनी उबेची फार काळजी घेतलेली, आणि आम्ही त्याला अरबी समुद्राच्या मे महिन्यात चालवायचो. भटारखान्यात सुपाची भलीमोठी पातेली जागेवरच पक्की बसवलेली. पोळी लाटायला मात्र हातभर जागा नाही. पहिल्या पिढीने त्या पातेल्यांत वरण शिजवून प्रश्न मिटवला. पुढे जुने प्रक्षेपक काढून नवी क्षेपणास्त्रं आली, रडार बदललं. आम्ही घरी बसून वर्तमानपत्रातल्या फोटोंवरून ते ताडायचो आणि वाद घालायचो.

गेल्या वर्षी जहाज सेवेतून काढणार असल्याचं निमंत्रण आलं. आम्ही दोघं मिळूनच गेलो. मांडव, गालिचा, बँड, भाषणं सगळं होतं. वक्त्यांपैकी एकाने तिला रणरागिणी म्हटलं, दुसऱ्याने माता. सुपाच्या पातेल्यांबद्दल कुणी बोललं नाही. सूर्य मावळताना झेंडा उतरला, मग डोलकाठीवरची लांब निमुळती पताका. इतकी वर्षं ती रात्रंदिवस वर होती. ती खाली आली की नियमाने ते लढाऊ जहाज राहत नाही.

हे मला पाठ होतं. तरीही शिडीवरून उतरण्याआधी मी मागे वळलो, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. डोक्यावर टोपी नाही, अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, आणि समोर नुसती रिकामी काठी. धुळेकराने माझी बाही ओढली.

"कोणले सलाम करी ऱ्हायना, भाऊ? तठे काही नही."

"सवय," मी म्हणालो.

"सवय सोडनी पडई."

परतीच्या गाडीत तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग माझ्याकडे तोंड करून, मला नीट कळावं म्हणून सावकाश म्हणाला, "आते एरंडोल नको. कोना वाढदिवस करवा? ते आते लोखंड शे."

मी वाद घातला नाही. मला जहाजाचं नव्हे, त्याचं येणं हवं होतं, हे तिथेच सांगायला हवं होतं. पण आम्ही तसलं कधी बोललो नव्हतो. त्यासाठी शब्द शोधेपर्यंत चाळीसगाव आलं आणि तो धुळ्याची गाडी धरायला उतरला.

यंदा तो दिवस आला तेव्हा मी तरीही एरंडोलला गेलो. नेहमीच्या टेबलावर बसलो. हॉटेलवाल्याने दोन पेले पाणी ठेवलं आणि विचारलं, "दुसरे भाऊ मागून येताहेत का?" मी मान हलवली, होही नाही आणि नाहीही नाही अशी. धुळ्याकडून आलेल्या बसेस थांबल्या, माणसं उतरली, पद्मालयाच्या गणपतीला जाणाऱ्या रिक्षा शोधत पांगली. दोघांसाठी मागवलेली भजी गार झाली.

शेवटी फोन लावला. तो ओरडत होता, मी ओरडत होतो, शेजारच्या टेबलावरचं कुटुंब जेवायचं थांबून आमच्याकडे बघत होतं. मग पलीकडून बाईचा स्पष्ट, चढा आवाज आला.

"काका, मी सूनबाई बोलते. बाबा विचारताहेत, तुम्ही कुठे आहात?"

"एरंडोलला."

तिने ते आत सांगितलं.

"ते म्हणतात, आता कशाला गेलात?"

"त्याला सांग, जहाजासाठी नाही आलो. तो येईल म्हणून आलो."

हेही तिने सांगितलं. तिकडे खुर्ची सरकल्यासारखं वाटलं, पण माझ्या कानांवर माझा विश्वास नाही.

"बाबा म्हणतात, रविवारी घरी जेवायला या. पण जहाजाचा विषय काढायचा नाही. त्यांना त्रास होतो."

"बरं," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये मी रविवारी काय बोलायचं ते ठरवू लागलो. त्याच्या धाकट्या भावाचं कसं चाललंय, असं विचारता आलं असतं. पण त्याला भाऊ आहे की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. नातवंडं होती, किती ते माहीत नाही. जहाजावर तो झोपेत काय बरळायचा, हे मी सांगू शकलो असतो. तो निवृत्तीनंतर दिवसभर काय करतो, हे नाही. जळगावच्या अलीकडे पाळधी आली तेव्हा मला विचारण्याजोगा एक प्रश्न सापडला होता: त्या सूनबाईचं माहेर कुठलं?