चिकूच्या सालींचा सूड

सात वर्षं एखाद्या माणसावरचा राग टिकवायचा, तर त्याला रोज थोडं खाऊपिऊ घालावं लागतं. मी घातलं.

आमच्या भागातल्या एका एसटी आगारात (कोणत्या, ते विचारू नका, साहेब अजून नोकरीत आहेत) मी अर्ज घेऊन गेलो होतो. बस माझ्या चिकूच्या वाडीच्या दारात थांबावी, एवढीच नम्र मागणी. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून सोबत पिकलेल्या चिकूंची पेटी. साहेबांनी मला उभं ठेवून तीन चिकू खाल्ले. साली आणि बिया ठेवायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला. वर म्हणाले, "चिकूवाले, माल गोड आहे हां." मी म्हणालो, "थँक्यू सर." सालींचं एक वेळ सोडून देईन, पण माझ्या तोंडून निघालेल्या त्या थँक्यूबद्दल मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या मुलामुलींना पुढारपण करायला आणि सरकारी टेबलासमोर आपली बाजू मांडायला शिकवायचं होतं. त्यासाठी एक छोटी संस्था माणूस शोधत माझ्यापर्यंत आली. मुलं अकरावी-बारावीची, नऊजण. कॉलेजची सकाळची बस त्यांच्या फाट्यावर थांबायची नाही. हात केला की ड्रायव्हर वेग वाढवायचा. मग पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचं आणि पहिले दोन तास बुडवायचे. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू देणार नाही, अशी नोटीस लागली होती. "तक्रार कुठं करायची?" मी विचारलं. संस्थेवाल्यांनी त्याच आगाराचं नाव घेतलं. मला एवढा आनंद झाला, की तो लपवायला खोकावं लागलं. शिकवायला मी लगेच हो म्हटलं. पोरांसाठी नव्हे, साहेबांसाठी.

सगळे एकदम बोलायचे, म्हणून मी नियम केला: ज्याच्या हातात चिकू, त्यानंच बोलायचं. पहिल्या दिवशी पिकलेला आणला. पाचव्या वक्त्यापर्यंत त्याचा लगदा झाला आणि सहावा बोलायचं सोडून हात चाटत बसला. दुसऱ्या दिवशी झाडावरून ताजा कच्चा तोडून नेला. त्याचा चीक एका पोराच्या तळव्याला असा बसला, की हातातून चिकू सुटेना आणि नियमाप्रमाणे तो पाऊण तास बोलला. शेवटी धुऊन वाळवलेला कच्चा चिकू कायम झाला.

मग सराव. साहेब मी व्हायचो. सात वर्षांचा अभ्यास होता माझा! फायलीतून डोकं वर काढायचं नाही, कान कोरायचा, "उद्या या", "मोठ्या माणसाला घेऊन या". पोरं खरोखर चिडायची. भाषणही मीच लिहून दिलं होतं, अगदी धारदार. ते बारावीतल्या एका मुलीला दिलं. तिची आई डहाणूकडे वाड्यांमध्ये चिकू तोडायला जाते. मुलीनं ते दोनदा वाचलं.

"सर, यात बस कुठाय?"

"शेवटच्या परिच्छेदात."

"आणि ह्या साली कोणाच्या?"

"ते... अपमानाचं प्रतीक आहे."

"आमच्या तर नाय ना?" तिनं कागदाची घडी करून दप्तरात टाकली. मग वही काढली. "सर, तुम्ही साहेब होता तेव्हा कशानं सगळ्यात जास्त वैतागता?"

मी विचार केला. "समोरचा जागचा हललाच नाही, की."

तिनं ते लिहून घेतलं.

आगारात तेच टेबल, तोच साहेब. मी दाराशी मागे उभा, मनात उकळ्या फुटत होत्या. साहेब वर न बघता म्हणाले, "अर्ज ठेवा. उद्या या."

"उद्या आलो तरी कॉलेज बुडणार, साहेब," ती म्हणाली. "मग आज इथंच अभ्यास करतो."

नऊजण फरशीवर बसले, पुस्तकं उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. एकीकडे सहकार, दुसरीकडे आम्ल आणि अल्कली. चिकू चिकटलेला तो पोरगा तर इंग्रजी कविता फलाटापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणत होता. प्रवासी खिडकीशी जमले. तासाभरात साहेबांनी कान कोरायचं सोडून कपाळ धरलं. मग कोरा कागद ओढला आणि फाट्यावर थांबा द्यायचा आदेश लिहायला घेतला.

पेन चालताना बघितलं आणि माझा तोल सुटला. पुढे घुसलो. "ओळखलंत का साहेब? सात वर्षांपूर्वी, चिकूची पेटी! माझ्या अर्जावर साली टाकल्या होत्यात!"

पेन थांबलं. "कोण तुम्ही? अच्छा, म्हणजे हे राजकारण आहे होय? पोरांना पुढे केलंय?" त्यांनी पेनाला टोपण लावलं.

नऊच्या नऊ तोंडं माझ्याकडे वळली. पोरांची परीक्षा हातची घालवायची माझी पूर्ण तयारी झाली होती.

मुलीनं दप्तरातून चिकू काढला आणि वर धरला. "सर, चिकू माझ्याकडं आहे."

मी फरशीवर बसलो. नियम माझाच.

"साहेब, यांना आम्ही आणलंय, यांनी आम्हाला नाय," ती म्हणाली. "यांचं भांडण वेगळं, ते नंतर काढा. आमचं अर्धं लिहून झालंय, ते पुरं करा."

साहेबांनी एकदा खिडकीतल्या गर्दीकडे पाहिलं. टोपण निघालं. सही झाली, शिक्का बसला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अगं, सात वर्षं वाट पाहिली मी या दिवसाची."

"तुमच्या अर्जावर साली एकदाच पडल्या, सर. आमच्यासमोरनं बस रोज जायची."

साहेबांनी मला ओळखलंच नाही, हे अजून सलतं. म्हणून कधीकधी सकाळी मी स्कूटर काढून त्या फाट्यावर जातो. बसचा करकचून ब्रेक लागतो आणि प्रत्येक ब्रेकला साहेबांच्या टेबलावर एक साल पडते, असं मी मनाशी धरतो. परवा या नादात स्कूटर भर थांब्यावरच लावली होती. मागून बस हॉर्न मारत होती.

"सर, गाडी बाजूला घ्या," ती रांगेतून ओरडली. "पहिला पेपर आहे!"

मी घेतली. बस थांबली, नऊजण चढले, आणि ड्रायव्हरनं माझ्याकडे असं जळजळीत पाहिलं, की माझा दिवस गोड गेला.