चारपैकी एक तरी खोटं

माझे थोरले साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या मोठ्या बहिणीचे यजमान, हे समुद्रपूर तालुक्यातले सर्वांत संशयी गृहस्थ होते. हे विधान मी जबाबदारीने करतो. वार्ताहर म्हणून संशयी माणसांशी माझा रोजचा संबंध होता. त्यांत पोलीस होते, वकील होते, एकमेकांच्या शेताच्या धुऱ्यावर डोळा ठेवून बसलेले भाऊबंद होते. पण ही मंडळी कामापुरता संशय घेत आणि संध्याकाळी घरी जात. साडूंना सुटी नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले की ते मनगटावरचे घड्याळ पाहत, आणि दोन्ही जुळली की दोन्ही एकाच दुकानातली असल्याने एकमेकांना सामील असणार असे म्हणत. समुद्रपूरला त्यांचे धान्याचे दुकान होते. तोंडाशी टपोरी तूर आणि तळाशी माती भरलेली पोती त्यांनी उभ्या आयुष्यात इतकी पाहिली होती, की पुढे पुढे त्यांना सगळे जगच तोंडाशी नीट रचलेल्या पोत्यासारखे दिसू लागले. पोत्यात खुपसून आतले दाणे काढायची जी टोकदार लोखंडी नळी असते, जिला बाजारात बंबी म्हणतात, ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी असे. मी वर्ध्याला घर बांधायला काढले तेव्हा ते पाहायला आले आणि सिमेंटच्या पोत्यात बंबी मारून गेले. ते पोते पुढे कामाचे राहिले नाही, पण सिमेंट खरे असल्याचे त्यांनी सर्वांना सांगितले. खाण्याच्या बाबतीत मात्र त्यांचे एक तत्त्व होते. न खाता नाव ठेवणे त्यांना अन्यायाचे वाटे. त्यामुळे ते कोणाच्याही घरी, कोणत्याही वेळी, काहीही खात, आणि खाता खाताच शेंगदाण्याच्या वयाविषयी शंका घेत. समोर आलेले ताट त्यांनी परत पाठवल्याचे मी कधी पाहिले नव्हते.

असा माणूस मुलीचा बाप असला की मुलीचे काय होते, हे आम्ही नव्वदच्या दशकात काही वर्षे पाहत होतो. मुलगी शिकलेली होती, गावातल्या शाळेत शिकवत होती, आणि स्थळे चांगली येत होती. एका मुलाला साडूंनी नाकारले, कारण त्याने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर झटकन दिले. पाठ करून आला असावा. दुसऱ्याला नाकारले, कारण तो विचार करून बोलत होता. बनवून सांगत असावा. तिसऱ्याचे घर फार स्वच्छ निघाले. पाहुणे येणार म्हणून झाडले नसते तर कसे दिसले असते, हे कळायला मार्ग नव्हता. मग जामचे स्थळ आले. मुलगा जामच्या चौकात एका जुन्या जीपवर धंदा करीत होता. नागपूरहून हमरस्त्याने येणाऱ्या मंडळींना तो एका दिवसाची खासगी सहल घडवी. पाटीवर त्याने रंगाने लिहिले होते: मठ, तलाव, आडरान, घोडा. एका दिवसात, फक्त तुमच्यासाठी. मुलीने त्याला एका लग्नात पाहिले होते, बोललीही होती. त्या आठवड्यात मी समुद्रपूरला गेलो तेव्हा तिने मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवले आणि आवाज न चढवता सांगितले, "मावसाजी, बाबाले सांगून द्या. याले नाई म्हटलं तं पुढचा पोरगा पाहू नोका. मी मग लग्नच करत नाई." मी निरोप जसाच्या तसा पोचवला. साडूंनी तो ऐकून घेतला, बंबी खिशातून काढून पुसली आणि म्हणाले, "चार गोष्टी एका दिवसात? चारपैकी एक तरी खोटं असन, साडभाऊ. कोणती, ते पाहून घेऊ."

पाहायचे म्हणजे गिऱ्हाईक बनून पाहायचे, असे ठरले. मुलाने साडूंना पाहिलेले नव्हते. ते अमरावतीचे निवृत्त मास्तर होणार होते, आणि मी वर्तमानपत्रातला माणूस असल्यामुळे साक्षीला बरा म्हणून सोबत जाणार होतो. वेशांतरासाठी त्यांनी काळा गॉगल आणि कानटोपी घेतली. हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही एसटीने जामला उतरलो आणि पहिल्याच पानठेल्यावरून आवाज आला, "शेठजी, आज गॉगल लावून कुठं चालले?" मुलगा जीपच्या बॉनेटवर फडके मारत अगदी जवळ उभा होता. साडू मला हळूच म्हणाले की तो दुसऱ्या कोणाले म्हणून राह्यला. चौकात गॉगल लावलेले दुसरे कोणी नव्हते, हे मी तेव्हाच टिपून ठेवले.

मुलगा बोलायला साधा होता. त्याने आधी तर्री-पोहे मागवले. साडूंनी दोन प्लेटा खाल्ल्या, तर्रीत तेल वरून ओतल्याचा संशय व्यक्त केला आणि तपासणीला आरंभ केला. एकच प्रश्न तीन बाजूंनी विचारायची त्यांची पद्धत होती. जीप कोणाची, असे त्यांनी जाममध्ये विचारले. जीपचे कागद कोणाच्या नावावर आहेत, असे गाव सुटल्यावर विचारले. आणि मठाची टेकडी दिसू लागली तेव्हा, जीप विकली तर पैसे कोणाले भेटन, असे विचारले. तिन्ही उत्तरे जुळली. त्यामुळे साडू अधिकच गंभीर झाले.

मठ खरा निघाला. महंतांनी आम्हाला बसवले, उपहार दिला. साडू कोठीच्या दाराशी रेंगाळले, आणि मी पोचेपर्यंत त्यांची बंबी तुरीच्या एका पोत्यात शिरलेली होती. दाणे तळहातावर पसरून त्यांनी जाहीर केले की माल गेल्या सालचा आहे आणि देणाऱ्याने मठाला फसवले. महंत शांतपणे म्हणाले की देणारा समुद्रपूरचा आहे. पोते फिरवून पाहिले तर त्यावर साडूंच्याच दुकानाचा छाप होता. एरवी त्यांनी तो छाप खोटा ठरवला असता. पण ते अमरावतीचे मास्तर असल्यामुळे त्यांना काही बोलता येईना. मुलगा त्या वेळी चपला घालण्यात गुंतला होता. त्याला बराच वेळ लागला.

तिथून पुढे एक बुद्धविहार होता. आत एक वृद्ध भन्ते डोळे मिटून बसले होते. साडू त्यांच्यासमोर बसले आणि मान डुलते का, हे पाहू लागले. खूप वेळ गेला. शेवटी माझ्या कानाशी येऊन त्यांनी निदान केले की हे झोपले आहेत. भन्तेंनी डोळे न उघडताच उत्तर दिले, "तुम्हीही मिटून बसा. म्हणजे मी झोपलो की नाही याची काळजी राहणार नाही." साडू बाहेर आले ते विचारात पडूनच. मिटलेल्या डोळ्यांमागे कोण जागे आहे हे बाहेरून कळत नाही, ही गोष्ट त्यांना नवीन होती आणि उपयोगाची वाटली. पहिल्या तलावाकडे त्यांचे फारसे लक्ष लागले नाही. एक दगड टाकून खोलीचा आवाज ऐकला आणि हे पक्षी रोज असतात की गिऱ्हाईक असलं की येतात, एवढेच विचारले.

मग आडरान आले. पाटीवर ज्याला आडरान म्हटले होते त्याला आमच्याकडे पांदण म्हणतात, आणि शेतांमधल्या त्या गाडीवाटेने लोक बैलबंडीतून रोज फुकट जातात. खोटी गोष्ट सापडली, असे मला वाटले. साडूंनाही वाटले असावे. पण त्यांचे डोळे दुसरीकडे होते. वाटेत काटेरी फांद्यांचे एक फाटक लागले. गुरे हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून कोणा शेतकऱ्याने ते लावले होते. मुलाने उतरून ते उघडले, जीप पलीकडे नेली, पुन्हा उतरून ते होते तसे लावले आणि हातातला काटा काढत परत आला. साडू मला म्हणाले, "आपण पाहून राह्यलो म्हणून लावलं." पुढे आणखी फाटके लागणार होती. त्यांनी मला कोपराने ढोसले, डोळे मिटले आणि घोरू लागले. मलाही मिटावे लागले. त्या पांदणीवर कोणी झोपू शकेल, हे मानणेच कठीण होते. जीप एका चाकावरून दुसऱ्या चाकावर पडत होती, आणि साडूंचे डोके दर धक्क्याला छताच्या लोखंडी नळीवर आपटत होते. तरी त्यांनी घोरणे सोडले नाही. पुढच्या फाटकाशी जीप थांबली. मी एक डोळा किलकिला केला. मुलाने फाटक उघडले, जीप नेली, परत जाऊन फाटक लावले, त्याच्या बुडाशी दगडही ठेवला. मग तो साडूंच्या बाजूला आला, आपल्या गळ्यातला दुपट्टा काढला, त्याची घडी केली आणि त्यांचे डोके व नळी यांच्यामध्ये बसवली. जीप पुन्हा निघाली. घोरण्याचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या तलावाच्या काठावर जेवण होते. वांग्याचे भरीत, ज्वारीची भाकर, ठेचा आणि गोळाभात. मुलाने पाने मांडली. साडू पानावर बसले नाहीत. पोट भरलं आहे, एवढेच म्हणाले. मुलाने पाणी पुढे केले, तेही घेतले नाही. उन्हे चढली होती, त्यांचे ओठ सुकलेले मला दिसत होते. ज्या माणसाने आजवर कोणाचे ताट परत पाठवले नव्हते त्याने हे पाठवले, याचा अर्थ मला एकच दिसला. तळाशी माती निघाली होती. मला स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मुलगी आठवली. मुलाचा चेहरा आधी पडला. मग तो क्षणभर साडूंकडे पाहत राहिला, पान उचलले आणि तोंड फिरवून हसला. मला ते खटकले. ज्याची सहल फसली तो हसत नाही.

शेवटी घोडा होता. प्रत्यक्षात ती घोडी होती, आणि तिचा म्हातारा मालक तिला लग्नांच्या वराती करायला नेई. साडूंनी तिचे दात पाहिले नाहीत, काही विचारलेही नाही. गुमान चढून बसले. घोडी थोडी चालली आणि उभी राहिली. पुन्हा चालली, पुन्हा उभी राहिली. पुढची मंडळी नाचून होईपर्यंत थांबायचे, हे तिच्या अंगवळणी पडले होते. तलावाच्या काठी कोणी नाचत नव्हते, तरी ती तेवढा वेळ देत होती. कानटोपी घातलेले साडू त्या घोडीवर ताठ बसून वाट पाहत होते. ती पुढे सरकेना तेव्हा ते खाली उतरले, गॉगल काढला आणि मुलाला म्हणाले, "वैशाखात हिले दुसऱ्या कोणाच्या वरातीले जाऊ देऊ नोको." मुलगा वाकला आणि त्यांच्या पाया पडला. सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले आणि मला काहीच कळले नाही. जामच्या थांब्यावर एसटीची वाट पाहताना मी न जेवण्याचे कारण विचारले. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. त्यांच्या घराण्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचे पाणीही घेत नाही, हे मला ठाऊक होते. पण लग्न अजून ठरायचे होते, असे मी म्हणालो. "पांदणीवर ठरलं," साडू म्हणाले आणि पानठेल्यावर जाऊन तीन ग्लास पाणी प्याले.

वैशाखात लग्न झाले. वरात त्याच घोडीमुळे फार उशिरा पोचली. पुढे त्या पांदणीवर गिट्टी पडून पक्का रस्ता झाला, नागपूरकर दुसरीकडे जाऊ लागले आणि जावयाने चौकात जीप दुरुस्तीचे दुकान टाकले. साडू दर आठवड्याला जामला उतरत. घराबाहेरच्या खाटेवर बसत, समुद्रपूरहून आणलेल्या बाटलीतले पाणी पीत, लेकीशी दोन गोष्टी बोलत आणि परतीची गाडी धरत. वर्षे गेली. मूल होत नव्हते. सासऱ्या-जावयाचे फाटले, अशी चर्चा चौकात होती. मलाही दोघातिघांनी विचारले. साडूंनी जन्मात एकाच गोष्टीविषयी कधी प्रश्न विचारला नाही, आणि ती म्हणजे लेकीला मूल कधी होणार. बाटली भरून आणीत, रिकामी करून नेत.

नवे शतक लागून थोडे दिवस झाले होते, तेव्हा मुलगी झाली. बारशाला मी होतो. साडू पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले आणि खुर्चीवर बसले. हातात बाटली नव्हती. लेक पाणी आणायला वळली तशी त्यांनी तिला हाताने थांबवले आणि जावयाला समोर बसवले.

"तुले माहीत होतं, मी जागा होतो."

"हो, मामाजी. त्या रस्त्यावर कोणाले झोप लागते?"

"मी कोण, तेबी माहीत होतं."

"पानठेल्यावरच समजलं."

"मग दुपट्टा दाखवाले ठेवला."

इतकी वर्षे हा माणूस हा एक संशय उराशी बाळगून बाहेरच्या खाटेवर बसत होता, हे जावयाला आणि मला एकाच वेळी कळले असावे. मग तो म्हणाला, "डोकं तं खरंच आपटत होतं ना."

साडूंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. मग लेकीला म्हणाले, "पाणी आण."

साडू आता नाहीत. जामचा चौक रुंद झाला, खाटेची जागा रस्त्यात गेली, आणि वर्ध्याहून जाताना बसच्या खिडकीतून ती नेमकी कुठे होती हे मला सांगता येत नाही. ती दुपार मात्र सांगता येते. लेकीने ग्लास दिला. त्यांनी तो उजेडात धरला, वास घेतला, तळ पाहिला आणि घोट घोट करीत संपवला. मग दुसरा मागितला. तो त्यांनी न पाहता प्यायला.